लाइनवर माणूस आहे

माझ्या वहिनीच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत. विजेच्या वाटपाबद्दल सुनावणी चालली होती तेव्हा कंपनीच्या वकिलाने तिला फार गोड आवाजात विचारलं, "बाई, इतक्या तावातावाने बोलायची काय गरज आहे?" तिने तो हात वर धरला आणि म्हणाली, "सरळ बोटाने तूप निघत नव्हतं, साहेब." सगळे हसले, वकीलही हसला. ती बोटं कुणी आणि कशी वाकडी केली ते त्या खोलीत आम्हा दोघींनाच माहीत होतं. मला हसू आलं नाही.

हल्ली तिच्यावर लोक लिहितात. विजेतल्या अन्यायाविरुद्ध आयुष्य वेचलं वगैरे. परवा एक मुलगी मुलाखत घ्यायला आली, तर वहिनी तिच्याशी मीटर आणि फीडर यांवरच बोलत बसली. रक्ताचा एक थेंब त्या मुलाखतीत सांडला नाही. वाचणाऱ्याला वाटावं, बाईने अर्ज केले आणि दिवे लागले. म्हणून मी सांगायला बसले आहे. मी तिची नणंद. भावजयीची खोटी स्तुती करण्याबद्दल नणंदा काही प्रसिद्ध नाहीत, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

ती नाल्यापलीकडची. अलीकडे आमची गल्ली, बाजार, बंगले, बर्फाचा कारखाना आणि कारखान्याच्या भिंतीला चिकटून विजेचं सबस्टेशन. पलीकडे वस्ती. तारा वस्तीच्या पत्र्यांवरून पुढे जायच्या, पण खाली एकाही घरात मीटर नव्हता. जागेचा कागद नाही म्हणून मीटर नाही, आणि मीटर नाही म्हणजे तिथे कुणी राहतच नाही, असं कंपनीचं गणित. लोक मग आकडा टाकायचे. वायरीच्या टोकाला हुक करायचा आणि बांबूने तो वरच्या तारेत अडकवायचा. नीट बसला तर घरात दिवा, हात चुकला तर माणूस जागच्या जागी काळा. तळहाताला भाजल्याचा डाग नाही असं घर वस्तीत शोधून सापडलं नसतं.

मग कंपनीचं पथक यायचं. गाडीतून आधी काठ्या उतरायच्या, मागून माणसं. वायरी ओढून काढायच्या, गुंडाळायच्या आणि जो पुरुष हाताला लागेल त्याला तुडवायचं. वहिनीच्या बापाला त्यांनी तिच्या देखत दारातून फरफटत काढलं आणि कानाखाली अशा मारल्या की तो कान पुढे आयुष्यभर बंदच राहिला. ती तेव्हा झग्यातली पोर. तिने पथकाच्या साहेबाच्या मनगटात दात रोवले आणि तिला भिंतीवर आपटेपर्यंत सोडले नाहीत. "खारट होता," एवढंच ती सांगते.

त्याच आठवड्यात तिची आई जळाली. वायरी पथकाने नेलेल्या, म्हणून घरात रॉकेलची चिमणी पेटवली होती. ती कलंडली आणि कपडे पेटले. शेजारच्या इस्त्रीवाल्याने अंगावर गोणपाट टाकून तिला विझवलं. त्याचे स्वतःचे हात कोपरापर्यंत सोलले गेले, पण बाई वाचली नाही. तोही तेव्हा मिसरूड फुटलेला पोरच होता. त्या दिवसापासून वहिनी त्याला दादा म्हणते. हा इस्त्रीवाला लक्षात ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

"आईला रॉकेलने नाही मारलं," वहिनी म्हणायची. "नसलेल्या मीटरने मारलं."

माझा भाऊ कंपनीत लाइनमन. एकदा पथकाबरोबर वायरी कापायला त्यालाही नेलं, तेव्हा वहिनीची आणि त्याची पहिली भेट झाली. छपरावरून लोखंडी बादली आली, भरलेली, आणि त्याचं कपाळ फाटलं. टाके घालून घरी आला तेव्हा आईने विचारलं, कोण ती कैदाशीण? तो म्हणाला, "नेम चांगला आहे तिचा." मला तिथेच शंका आली. दुसऱ्या दिवशी तो बादली परत द्यायला गेला. त्यानंतरही त्या बादलीचं काही ना काही काम निघतच राहिलं. बादली एक, फेऱ्या मात्र चपला झिजेपर्यंत. आई म्हणाली, "अंधारातली पोर घरात आणतोस?" तो म्हणाला, "तिथला अंधार आम्हीच पाडलाय." आईने बरेच दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं, पण लग्न झालं.

घरात आली त्या पहिल्या संध्याकाळी तिने भिंतीवरचं बटण दाबलं. दिवा लागला. परत दाबलं, विझला. हे बराच वेळ चाललं. मी म्हटलं, "बल्ब उडेल ना." तर म्हणते कशी, "वन्सं, तुमच्या बापाचा आहे का?" खरं तर माझ्याच बापाचा होता. मला चिडवायचं असलं की ती वन्सं म्हणून अहोजाहो करते, एरवी आमचं अगंतुगं.

संसाराला लागायचं सोडून ती मीटरच्या मागे लागली. वस्तीतल्या बायका घेऊन कंपनीच्या जिन्यावर बसली आणि साहेबाला वर जाऊ देईना. पोलिसांनी बायकांना केसांना धरून पायऱ्यांवरून खाली ओढलं. एकीला दिवस गेले होते, तिचं पोट पायरीच्या कडेवर आपटलं आणि सगळं तिथेच संपलं. वहिनीचा पुढचा दात पडला. तो तिने उचलला, रक्ताळल्या तोंडाने साहेबाच्या खोलीत गेली आणि त्याच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "अर्जाला जोडा. आणि पोच द्या."

साहेबाने माझ्या भावाला बोलावून सांगितलं, बायकोला आवर. भाऊ म्हणाला, "साहेब, मी तिची बादली खाल्लेली आहे. तुम्ही आवरून बघा."

मीटर आले. एका दमात नाही, एकेक करत, प्रत्येकामागे कुणीतरी मार खाऊन. इस्त्रीवाल्याने स्वतःच्या दारावर मीटर बसला त्या दिवशी कोळशाची इस्त्री नाल्यात भिरकावली आणि विजेची आणली.

पण मीटर बसला म्हणजे वीज आली असं थोडंच असतं. सबस्टेशनमधून एकेका भागाला जी लाइन जाते तिला फीडर म्हणतात, आणि आतल्या पॅनेलवर प्रत्येक फीडरचं एक हँडल असतं. कारखान्याचं, बाजाराचं, बंगल्यांचं, वस्तीचं. वीज कमी पडली की एखादं हँडल खाली करावं लागतं. टंचाई सगळ्यांची, पण खाली यायचं ते वस्तीचंच हँडल. लोकांनी फोन केला की ऑफिसातून ठरलेलं उत्तर, "लाइनवर माणूस आहे." म्हणजे खांबावर माणूस काम करतोय, चालू केली तर तो मरेल. माणूस नसायचाच. वस्तीत हे वाक्य इतकं ऐकून झालं होतं की कुणी थाप मारली की पोरं म्हणायची, हो का, लाइनवर माणूस आहे वाटतं?

माझ्या भावाला त्या वाक्याचा फार राग यायचा. "आमचा जीव त्या वाक्याला टांगलेला असतो," तो म्हणायचा, "आणि हे लोक ते उष्टं करून ठेवतात."

लाइनमन लोकांचा एक जुना रिवाज आहे. प्रत्येकाचा पितळी बिल्ला असतो, त्यावर त्याचा नंबर. चढण्याआधी त्याने सबस्टेशनमध्ये यायचं. ऑपरेटर त्या लाइनचं हँडल खाली करतो आणि लाइनमन स्वतःच्या हाताने त्याला बिल्ला अडकवतो. काम झालं की तोच परत येणार, "माणूस खाली, लाइन मोकळी" असं तोंडाने म्हणणार आणि तोच बिल्ला काढणार. मगच हँडल वर. कितीही मोठा साहेब येवो, दुसऱ्या कुणाचा हात त्या बिल्ल्याला लागायचा नाही.

एका दुपारी भाऊ कारखान्याच्या लाइनवर चढला होता. कारखान्यात बर्फ वितळायला लागला. मालकाने वरच्या ऑफिसला फोन केला, वरच्या ऑफिसने सबस्टेशनला. खुर्चीत जो ऑपरेटर होता त्याला सगळे होयबा म्हणायचे, कारण फोनवर तो 'होय साहेब' याच्यापुढे कधी गेलाच नाही. वरून सांगितलं, एवढ्यात काम झालंच असेल, टाक चालू. होयबा म्हणाला, होय साहेब. त्याने माझ्या भावाचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि हँडल वर केलं.

मी बाजारातून येत होते, तो आवाज मी ऐकला. भाऊ पट्ट्याला लटकला होता, मान मागे पडलेली, हातमोज्यांतून धूर. खाली माणसं जमली होती आणि सगळी नुसती वर बघत होती, कारण त्या खांबाला हात लावायची छाती कुणाची असणार. त्याला खाली घेतला तेव्हा वहिनी आली. तिने त्याचे बूट काढले. एका तळव्याला भोक पडलं होतं, वीज तिथून बाहेर गेली होती. तिने त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवून बसली. ती रडली नाही. माझं रडणं मात्र कारखान्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

चौकशीत निघालं, कामगाराचा निष्काळजीपणा. बाकीच्या लाइनमननी काम बंद पाडलं तेव्हा कुठे होयबाची खुर्ची गेली. त्याला खांबावर चढायला पाठवलं. आणि नवऱ्याच्या जागी म्हणून वहिनीला नोकरी दिली ती नेमकी त्या खुर्चीतली. मी म्हटलं, "थुंक त्या खुर्चीवर." ती म्हणाली, "हँडल तिथे आहे, बाई."

शिकायचं ते शिकून ती खुर्चीत बसली आणि पहिल्याच टंचाईत वरून फोन आला, वस्ती बंद कर. ती म्हणाली, "वस्ती काल होती. आज पाळी बंगल्यांची. नको असेल तर तसं लेखी द्या." लेखी कोण देतो? तिने बंगल्यांचं हँडल खाली केलं. दुसऱ्या दिवशी बाजाराचं, मग कारखान्याचं, मग वस्तीचं. अंधार वाटायचाच असेल तर सगळ्यांना सारखा, असं तिचं म्हणणं. माणूस वर नसताना 'लाइनवर माणूस आहे' असं तिने एकदाही कुणाला सांगितलं नाही. विचारलं तर सरळ म्हणायची, "वीज कमी आहे, आज तुमची पाळी."

बंगल्यांतून दगड आले, खिडकीची एकही काच राहिली नाही. कारखान्याच्या मालकाने माणसं पाठवली. त्यांनी तिला नाल्याच्या पुलावर गाठलं, पाडलं आणि पोटात लाथा घातल्या. दुसऱ्या दिवशी ती वाकून चालत कामावर गेली. त्या दिवशी पाळी कारखान्याची होती. तिने कारखान्याचं हँडल खाली केलं आणि मग कोपऱ्यातल्या बादलीत रक्त ओकली. मी तिला म्हटलं, तू मरशील अशाने. ती म्हणाली, "मेले तर पाळी मोडू नका म्हणजे झालं."

होयबा अधूनमधून यायचा, बिल्ला अडकवायचा, जायचा, परत यायचा. "माणूस खाली, लाइन मोकळी." "काढा बिल्ला." त्या दोघांत बोलणं तेवढंच. मी तिथे असले तर पाठ फिरवून बसायचे.

मग तो उन्हाळा आला. अंगाची लाही होत होती आणि वस्तीची तार तुटली. बंगल्यांकडेही काही बिघडलं होतं, तर वरच्या ऑफिसने सगळी माणसं तिकडे धाडली आणि वस्तीसाठी दुसऱ्या दिवशी एकट्याला पाठवलं. तो एकटा म्हणजे होयबा. मध्ये एक अख्खा दिवस आणि रात्र वस्तीत पंखा नाही, पाणी नाही. इस्त्रीवाल्याची म्हातारी आई ऑक्सिजनच्या मशीनवर होती. शेजारपाजारचे आळीपाळीने तिला वारा घालत बसले, पण वाऱ्याने काय होणार. दुपारी ती गेली.

मी वहिनीचा डबा घेऊन सबस्टेशनमध्ये पोचले आणि मागोमाग लोक आले. पुढे खाट, खाटेवर म्हातारी. फाटक त्यांनी आडवं केलं. बाहेर टायर पेटवला, पहारेकऱ्याला उचलून नाल्यात फेकला आणि खोलीचं दार लाथेने उघडलं. आत वहिनीच्या डोक्यावर पंखा फिरत होता, कारण सबस्टेशनची लाइन वेगळी असते. तो पंखा बघितल्यावर त्यांचे चेहरे कसे झाले ते मी विसरणार नाही. कुणीतरी खुर्ची उचलून पंख्यावर मारली.

इस्त्रीवाला पुढे आला. "आई गेली," तो म्हणाला. "चालू कर."

म्हातारीच्या हातचं खाऊन ती वाढली होती. तिने वस्तीच्या हँडलवर हात ठेवला. त्याला पितळी बिल्ला लटकत होता.

"दादा," ती म्हणाली, "लाइनवर माणूस आहे."

मागे कुणीतरी हसलं. त्या गर्दीत, प्रेताच्या बाजूला उभं राहून, कुणालातरी हसू आलं. दुसरं काही ती बोलली असती तर कदाचित त्यांनी ऐकलं असतं. पण ते वाक्य कंपनीने इतकी वर्षं चघळून टाकलं होतं की खरं असतानाही ते शिवीसारखं लागलं.

"तूसुद्धा शिकलीस ते?" इस्त्रीवाला म्हणाला आणि त्याने तिच्या तोंडात मारली.

मग सगळेच तुटून पडले. ती पॅनेलला पाठ लावून उभी राहिली, उजवा हात मागे, मुठीत हँडल आणि बिल्ला दोन्ही. केस ओढले, कंबरेत लाथ बसली, कुणी मनगट पिरगाळलं, पण मूठ सुटेना. मी मध्ये पडले तर मला टेबलावर फेकली. तिने माझ्याकडे पाहिलं.

"पुलापलीकडे, वस्तीच्या मागच्या खांबावर होयबा आहेत," ती म्हणाली. "फोन त्यांचा खाली पिशवीत असतो. पळ. उतरव त्यांना."

मी जागची हलले नाही. मला वाटलं, सोड ना ती मूठ. तू काही करू नकोस, फक्त सोड. हँडल लोकच वर करतील, तुझ्यावर आळ नाही, माझ्यावर नाही, आणि माझा भाऊ जसा लटकला तसाच तो लटकेल. मी हे मोठ्याने बोललेसुद्धा. "सोड," मी म्हटलं, "सोड, तुला काय पडलंय त्याचं?"

इस्त्रीवाल्याने टेबलावरचा मोठा पाना उचलला होता. तो तिच्या बोटांवर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"अगं पळ," वहिनी म्हणाली, "मी फार वेळ टिकणार नाही."

मी पळाले. ती बोटं होती म्हणून पळाले. त्या माणसासाठी मी चार पावलं चाललेही नसते, हे आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. पुलावर चप्पल तुटली, ती टाकली, डांबर पायाला चटके देत होतं आणि मी धावत होते.

तो वर होता. पट्टा खांबाला, दोन्ही हात तारेवर. जोडकाम अर्धं झालेलं. मी हाक मारली तेव्हा त्याने खाली पाहिलं आणि मला ओळखलं. मग त्याने मान वळवून सबस्टेशनच्या बाजूचा धूर पाहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मला माहीत आहे तुम्ही का आलात," तो म्हणाला. त्याला वाटलं मी त्याला मरताना बघायला आले आहे.

"उतर मेल्या," मी ओरडले. "तुझा बिल्ला धरून ती मार खातेय."

त्याला ते कळायला एक क्षण लागला. तो पट्टा सोडायला लागला आणि थांबला. "सांधा राहिलाय," तो म्हणाला. "असाच उतरलो तर हँडल वर करूनही वस्तीत वीज जाणार नाही. मग ते तिला जिवंत सोडणार नाहीत."

ते खरं होतं. मी त्याला शिव्या घातल्या, आईबापावरून घातल्या, पण ते खरं होतं. त्याने दोन्ही हात परत तारेवर ठेवले. ते इतके कापत होते की हातातली पकड निसटून खाली पडली आणि मी ती त्याने खाली सोडलेल्या दोरीला बांधून वर पाठवली. कुठल्याही क्षणी ती मूठ सुटणार होती. त्याला ते माहीत होतं, मला माहीत होतं. जमिनीवर पडलेली त्याच्या डोक्याची सावली मी बघत राहिले, वर बघवेना. मग त्याने तार ओढून पाहिली, पट्टा सोडला आणि जवळजवळ पडतच खाली आला.

आम्ही पोचलो तेव्हा गर्दीने त्याच्या कमरेचा पट्टा बघितला, काळे हात बघितले आणि आपोआप वाट झाली. खरंच कुणी वर होतं, हे त्यांना त्या पट्ट्याकडे बघून कळत होतं.

वहिनी गुडघ्यांवर होती. उजवा हात वर, हँडलला अडकल्यासारखा, कोपरापर्यंत रक्त. एक डोळा बंद झाला होता. इस्त्रीवाला पाना घेऊन तिच्यासमोर उभा होता. त्याने होयबाकडे पाहिलं, मग तिच्या बोटांकडे, आणि पाना त्याच्या हातातून गळून फरशीवर पडला.

होयबाने बिल्ल्याकडे हात नेला. तिने मूठ सोडली नाही.

"नंबर," ती म्हणाली.

त्याने नंबर सांगितला.

"पुढे बोला."

तो तिच्या मुठीतल्या बिल्ल्याकडे बघत राहिला. माझ्या भावाला हे वाक्य म्हणायला मिळालं नव्हतं. हाच माणूस तेव्हा खुर्चीत होता आणि त्याने त्या वाक्याची वाट पाहिली नव्हती. वहिनीने घाई केली नाही. एका उघड्या डोळ्याने ती त्याच्याकडे बघत राहिली.

"माणूस," तो म्हणाला आणि हुंदका आला. "माणूस खाली."

"आणि?"

"लाइन मोकळी."

"काढा बिल्ला."

तिची बोटं मात्र तिची तिला उघडेनात. इस्त्रीवाला खाली बसला. ज्या हातांनी त्याने तिच्या आईला विझवलं होतं त्याच हातांनी तिचं एकेक बोट हँडलवरून सोडवलं. तो लहान पोरासारखा रडत होता. होयबाने बिल्ला काढून घेतला. वहिनीने डाव्या हाताने हँडल वर केलं.

पलीकडे वस्तीत पंखे फिरायला लागले, टाकीचा पंप सुरू झाल्याचं ऐकू आलं. इस्त्रीवाल्याच्या घरातलं ऑक्सिजनचं मशीनही सुरू झालं असणार. ते बंद करायला घरात कुणी नव्हतं.

पोलिसांनी विचारलं तेव्हा वहिनीने सांगितलं, पॅनेलच्या दारात बोटं सापडली. डॉक्टरने ती जोडली, तीही वाकडी. मग बाई त्या वाकड्या हाताने सुनावणीला गेली आणि वर्षानुवर्षं जातच राहिली. दोन गोष्टींसाठी भांडली. टंचाईत प्रत्येक फीडरची पाळी आधी ठरवून फाटकावर लावायची, बंगल्यांची आणि वस्तीची सारखी. आणि प्रत्येक लाइनमनच्या बिल्ल्याला जोडीचा दुसरा बिल्ला, जो तो चढायच्या आधी फाटकावरच्या काचेच्या पेटीत लावेल, रस्त्यावरून कुणालाही दिसेल असा. म्हणजे त्या वाक्याची थाप परत कुणाला मारता येणार नाही. वकील म्हणाले, लोकांना काय कळतंय त्यातलं. तेव्हाच तो तुपाचा विनोद झाला होता. दोन्ही गोष्टी मंजूर झाल्या. आता दुसऱ्या गावांतली सबस्टेशनंसुद्धा ती पेटी बघायला माणसं पाठवतात.

होयबाला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. वहिनीने केलं का, ते मी विचारलं नाही.

परवा डबा द्यायला गेले तर फाटकाशी इस्त्रीवाला नेहमीसारखा टेबल मांडून बसला होता. हल्ली तो तिथेच बसतो, पेटीच्या खाली. कपड्यांचा ढीग तसाच होता आणि इस्त्री गार, कारण लाइन बंद. बर्फाच्या कारखान्याचा मालक गाडीतून उतरला आणि खेकसला, किती वेळ बंद आहे, आत जाऊन सांग चालू करायला. इस्त्रीवाल्याने मान वरसुद्धा केली नाही. "लाइनवर माणूस आहे," तो म्हणाला. मालकाने पेटीकडे पाहिलं. आत पितळी बिल्ला लटकत होता. तो परत गाडीत जाऊन बसला, आणि मी डबा घेऊन आत गेले.